साउथ डाउन्स वे पायी चालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत साउथ डाउन्स ही पांढऱ्या खडूच्या टेकड्यांची रांग आहे. तिच्या माथ्यावरून जाणारी साउथ डाउन्स वे ही १०० मैलांची, म्हणजे साधारण १६० किलोमीटरची पायवाट मी दोनदा चालले आहे. पहिल्यांदा नवऱ्याबरोबर, दुसऱ्यांदा एकटी. तेव्हापासून लंडन-रेडिंगकडचे मित्र, पुण्यातली भावंडं आणि त्यांचे ट्रेकवाले दोस्त तेच तेच प्रश्न विचारतात. एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवते.

टेकड्यांना 'डाउन' का म्हणतात? त्या तर वर आहेत!

जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी. त्याचंच पुढे 'डाउन' झालं. खाली-वरशी त्याचा संबंध नाही. पहिल्या दिवशी हा विनोद सगळेच करतात, चौथ्या दिवशी चढताना कुणी करत नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे फारच सोपं नाही का?

उंची बघाल तर हसाल. या खडूच्या रांगेतला सर्वांत उंच माथा म्हणजे बटसर हिल, २७० मीटर. पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे हा माथा पुण्याच्या निम्मादेखील नाही. ना कातळटप्पे, ना निसरडी घळ, ना करवंदीच्या जाळ्या. वाट रुंद आहे, बहुतेक ठिकाणी तिघं शेजारी-शेजारी गप्पा मारत चालतील एवढी.

तरीही माझ्या ओळखीतले दोन पट्टीचे ट्रेकर तिसऱ्या दिवशी गुडघे धरून बसले होते. आपल्याला सवय असते ती एका दिवसात गड चढायचा, पिठलं-भाकरी खायची आणि रात्रीच्या एसटीने घर गाठायचं याची. इथे मात्र आठ-नऊ दिवस, बहुतेक रोज अठरा ते बावीस किलोमीटर. टेकड्या छोट्या असल्या तरी त्या सगळ्या चढउतारांतली नुसती चढण मोजली तर चार हजार मीटरच्या आसपास भरते. हा खेळ दमाचा नाही, सातत्याचा आहे. या वाटेला ट्रेकर म्हणून नाही, वारकरी म्हणून यावं. पंढरीची वारी पूर्ण केलेल्या माझ्या मावशीला या वाटेचं वर्णन सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मुक्काम कुठे कुठे?" खरा प्रश्न तोच आहे.

मग मुक्काम कुठे कुठे? सुरुवात इथूनच करायची का?

हो, इथूनच. त्यासाठी आधी खडू समजून घ्यावा लागतो.

या टेकड्या खडूच्या आहेत म्हणजे शब्दशः खडूच्या. (शाळेतला हल्लीचा खडू बहुतेक जिप्समचा असतो, हा खरा.) साधारण दहा ते सात कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शैवालांची चुन्याची कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा शेकडो मीटर जाडीचा थर झाला. आपल्या सह्याद्रीचा कातळ त्यानंतरचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे दिसायला म्हाताऱ्या वाटणाऱ्या आपल्या डोंगरांपेक्षा या गुळगुळीत हिरव्या टेकड्यांचा खडकच वयाने मोठा.

खडूत पाणी थांबत नाही. पाऊस पडला की तो मुरतो, खाली जातो आणि टेकडीच्या पायथ्याशी, जिथे खडूखाली चिकणमातीचा थर लागतो, तिथे झऱ्यांच्या रूपात बाहेर येतो. फल्किंग गावात पबच्या शेजारीच असा झरा वाहताना दिसतो. आता गाव कुठे वसणार? जिथे पाणी आहे तिथे. त्यामुळे माथ्यावर मैलोन्‌मैल एकही गाव नाही आणि उत्तरेच्या पायथ्याला मात्र माळेसारखी गावं ओवलेली.

चालणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. दिवसभर तुम्ही वर, तुमची गादी आणि जेवण खाली. रोज संध्याकाळी दीडशे मीटर उतरायचं, सकाळी पोटात नाश्ता असताना तेवढंच परत चढायचं. शिवाय उतरून गावात जाण्याचे एक-दोन, कधी तीन किलोमीटर कुठल्याही अधिकृत आकड्यात धरलेले नसतात. १६० किलोमीटरची वाट माझ्या घड्याळात १८४ भरली ती अशी. नियोजन करताना नकाशावरचं अंतर बघू नका, बिछान्यापासून बिछान्यापर्यंतचं अंतर बघा.

दिवस कसे पाडावेत?

या रांगेला चार नद्या आडव्या कापून समुद्राकडे जातात: अरुन, अडर, ऊझ आणि ककमिअर. अरुनच्या पश्चिमेला, हॅम्पशरमध्ये, मिऑन नदीचं खोरं आहे. नदी आली की वाट जवळपास समुद्रसपाटीला उतरते आणि तिथे वाटेवरच गाव मिळतं. मुक्काम शक्यतो या नद्यांवर टाकायचा, मग वेगळं उतरावं लागत नाही. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा अशी विभागणी केली होती (अंतरं गोळाबेरीज आहेत):

पहिला दिवस विंचेस्टर ते मिऑनकाठचं एक्स्टन, १९ किलोमीटर. दुसरा एक्स्टन ते ब्युरिटन, २०. वाटेत ओल्ड विंचेस्टर हिल नावाचा लोहयुगातला टेकडीकोट लागतो, त्याचा विंचेस्टर शहराशी नावापुरताच संबंध. याच दिवशी बटसर हिलही येतो, आणि तिथून खाली उतरणारा गवताळ उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो. तिसरा ब्युरिटन ते कॉकिंग, १८. चौथा कॉकिंग ते अरुनकाठचं अँबर्ली, १९. हा माझा सर्वांत आवडता दिवस. बिग्नर हिलवर स्टेन स्ट्रीट हा चिचेस्टरहून लंडनकडे जाणारा रोमन रस्ता आडवा येतो, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा त्याचा उंचवटा अजून पायाखाली जाणवतो. पाचवा अँबर्ली ते स्टेनिंग, साधारण १८. सहावा स्टेनिंगहून अडर ओलांडून पायकूम, १४-१५. सातवा पायकूम ते ऊझकाठचं साउथईझ, २२, आणि हा लांबतोच. आठवा साउथईझ ते आल्फ्रिस्टन, जेमतेम १२. नववा आल्फ्रिस्टन ते ईस्टबोर्न, १७.

आठवा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे. सातव्याने पाय बोलायला लागतात आणि नववा दिवस ताज्या पायांनी चालण्यासारखा आहे. रजा कमी असेल तर सात दिवसांत होतं, तरणीताठी मंडळी पाचातही करतात. पण पाच दिवसांत करून आलेल्या एका भाच्याला "काय पाहिलंस?" विचारलं तर "घड्याळ" म्हणाला.

पश्चिमेकडून पूर्वेला जायचं की उलट?

विंचेस्टरहून ईस्टबोर्न. इथला वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, तो पाठीवर राहतो. शिवाय समुद्र शेवटी यावा. १९७२ मध्ये ही राष्ट्रीय पायवाट खुली झाली तेव्हा ती ईस्टबोर्नपासून ब्युरिटनपर्यंतच होती, विंचेस्टरचा तुकडा नंतर जोडला गेला. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका उलट्या दिशेने लिहिलेल्या सापडतात. वाचताना डाव्या-उजव्याचा घोळ होतो, सांभाळा.

पाणी किती घ्यावं?

उन्हाळ्यात निदान दोन लिटर, आणि वाटेतले नळ आधी नकाशावर टिपून ठेवा. वर सांगितलं तसं, माथ्यावर ओढा नाही, टाकं नाही. आपल्याकडे गडावर कातळात कोरलेलं टाकं कुठेतरी सापडतंच, इथे तो भरवसा नाही. माथ्यावर कुठे कुठे गोल तळी दिसतात, पण ती मेंढ्यांसाठी चिकणमाती थापून केलेली आहेत. त्यातलं पाणी पिऊ नका.

चालणाऱ्यांसाठी आणि घोड्यांसाठी काही ठिकाणी नळ बसवले आहेत. अडर नदीच्या काठी बोटॉल्फ्सजवळ एक आहे, सॅडलस्कूमच्या शेतवस्तीत एक आहे. पायवाटेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नकाशात ते सगळे दाखवलेले असतात. मात्र थंडीत नळ बंद ठेवतात आणि एखादा नादुरुस्तही असू शकतो, म्हणून पुढच्या नळाच्या भरवशावर बाटली रिकामी करू नये. हे मी शहाणपणाने नाही, जुलैतल्या एका दुपारी कॉकिंगच्या पुढे जीभ टाळूला चिकटल्यावर शिकले. सावली म्हणाल तर पश्चिमेकडच्या भागात बीच नावाच्या झाडांची राई तरी आहे. अँबर्लीच्या पूर्वेला जवळजवळ नाहीच, आणि पांढरी वाट ऊन खालून परत तोंडावर मारते. गॉगल आणि टोपी लागतेच, 'इंग्लंडात कसलं आलंय ऊन' म्हणून घरी ठेवू नका.

जाता जाता: किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहराच्या नळाला येणारं पाणी बहुतेक याच खडकातून उपसलेलं असतं. ते इतकं जड असतं की चहावर तवंग धरतो. चहा बिघडला म्हणून यजमानीणबाईंना दोष देऊ नका.

कुठला महिना चांगला?

मे-जूनचा पूर्वार्ध, नाहीतर सप्टेंबर. मेमध्ये गवत कोवळं असतं, चंडोल डोक्यावर अखंड गात असतात आणि संध्याकाळ संपतच नाही. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे वाट चुकली तरी घाबरायला होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये फुलपाखरं बघावीत. खडूवरच्या जुन्या, मेंढ्यांनी चरून आखूड ठेवलेल्या गवताच्या एका चौरस मीटरात तीस-चाळीस जातींच्या वनस्पती सापडतात, आणि त्यांच्यावर निळी फुलपाखरं. कासचं पठार पाहून आलेल्या माणसाला हे दिसायला साधं वाटेल, बसून पाहिलं की नाही वाटत. याच काळात 'प्राइड ऑफ ससेक्स' म्हणतात ते जांभळं-निळं गोल फूलही असतं.

हिवाळ्यात जाऊ नये असं नाही, पण डिसेंबरात चारलाच अंधारून येतं आणि बरेच मुक्काम बंद असतात.

जूनमधली एक खबरदारी: लंडन ते ब्रायटन सायकल फेरी एका रविवारी वाटेवरच्या डिचलिंग बीकन या टेकडीच्या चढावरून जाते. त्या शनिवार-रविवारी त्या पट्ट्यात खोली मिळणं अवघड.

चिखल होतो का? बूट कुठले?

पाऊस नसेल तर साधे ट्रेलचे हलके बूट उत्तम. मी त्यातच चालले. पाऊस असेल तर गोष्ट बदलते. ओला खडू म्हणजे भिंतीला लावायची पुट्टी. बुटाच्या तळाला थरावर थर चढतो, तुम्ही दोन इंच उंच होता, तळाच्या खाचा भरून जातात आणि मग उतारावर साबणावरून चालल्यासारखं होतं. आपल्या लाल मातीत घसरायची सवय असलेलेही इथे फसतात, कारण हा पांढरा रस्ता दिसायला कोरडा आणि टणक वाटतो. उतारावर कडेच्या गवतावरून चालावं, आणि दोन काठ्या घ्याव्यात. काठ्यांना मी पहिल्यांदा हसले होते. दुसऱ्यांदा विकत घेतल्या.

खडूत गारगोटीचे काळे, काचेसारखे तुकडे असतात. धार जबरदस्त असते, अश्मयुगात माणसं त्याचीच हत्यारं करत. पातळ तळाच्या चपलेतून ते टोचतात, आणि पडलात तर तळहात कापतात. लहान मलमपट्टी खिशात ठेवा.

पोंचो आणू नका. आपल्याकडच्या सरळ पडणाऱ्या पावसात तो ठीक, इथे पाऊस आडवा येतो आणि पोंचोचं शीड होतं. जॅकेटच हवं.

रस्ता चुकण्याची भीती?

फार नाही. राष्ट्रीय पायवाटांची खूण म्हणजे ओकचं फळ, ते प्रत्येक फाट्यावरच्या खांबावर कोरलेलं असतं. बाणांचे रंगही लक्षात ठेवा: पिवळा म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा. साउथ डाउन्स वे जवळपास सगळाच निळा आहे. त्यामुळे मागून सायकल येते, घंटी वाजते, डावी-उजवीकडे सैरावैरा न धावता एका बाजूला उभं राहायचं. घोडा आला तर थांबायचं आणि बोलायचं, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे त्याला कळतं.

आल्फ्रिस्टननंतर वाटेला दोन फाटे फुटतात. घोडे-सायकलींची वाट आतून, विल्मिंग्टनच्या लाँग मॅनच्या बाजूने जाते. टेकडीच्या उतारावर काढलेली ती सत्तरएक मीटर उंच माणसाची आकृती. पायी जाणाऱ्यांची वाट किनाऱ्याने, सेव्हन सिस्टर्स या समुद्राकाठच्या खडूच्या कड्यांवरून जाते. खांब दोन्हीकडे आहेत, म्हणून तिथे मात्र थांबून वाचा.

नकाशा: ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे १:२५,००० चे कागद घ्याल तर सहा-सातांचं बाड होतं. सगळी वाट एकाच लांब पट्टीत दाखवणारा नकाशा मिळतो, तो पुरे. फोनवरचा नकाशा आधी उतरवून ठेवा. माथ्यावर रेंज असते, गावात उतरलात की गायब, म्हणजे आपल्या अगदी उलट.

तंबू टाकून राहिलं तर? आपण गडावर राहतो तसं?

नाही. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकता येत नाही. डार्टमूर हा अपवाद, पण तो इथून फार दूर पश्चिमेला आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, ते ऐकून लोक इकडे फसतात. वाटेलगत काही शेतांवर रीतसर तंबूची जागा मिळते. तिथे राहायचं असेल तर दिवसांची विभागणी त्या शेतांनुसार करावी लागते, वर दिलेली माझी यादी चालणार नाही.

बाकी पर्याय म्हणजे पबच्या वरच्या खोल्या, घरगुती बेड अँड ब्रेकफास्ट आणि युवा वसतिगृह. साउथईझजवळ इटफर्डला एक चांगलं वसतिगृह अगदी वाटेवर आहे. गावं लहान आहेत, एकेका गावात मोजून चार-सहा खोल्या. मे ते सप्टेंबरसाठी तीन-चार महिने आधी ठरवा, आणि आधी अवघड रात्री मिळवा: एक्स्टन, कॉकिंग, पायकूम. त्या मिळाल्या की बाकीचं भोवती बसतं. शनिवारी बऱ्याच ठिकाणी एक रात्र देत नाहीत, दोन घ्या म्हणतात. म्हणून मी शनिवारची रात्र मुद्दाम मोठ्या गावात आणते, नाहीतर तिथून बसने ल्युइस किंवा ब्रायटन गाठते.

एकाच गावी राहून रोज ये-जा करता येईल?

पूर्वेच्या अर्ध्या भागात नक्की. ल्युइस किंवा ब्रायटनला तळ ठोका. साउथईझला वाटेवरच रेल्वे स्टेशन आहे, अँबर्लीचंही अगदी जवळ. ब्रायटन ते ईस्टबोर्न किनाऱ्याने १२ नंबरची बस सतत धावते, ती सेव्हन सिस्टर्सच्या पायथ्याशी एक्सीटला थांबते. पश्चिमेकडे मात्र बऱ्याच गावांत बस मोजक्याच, असा प्रकार आहे. तिथे सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्यांची सोय घ्या आणि पाठीवर दिवसापुरती पिशवी ठेवा. यात कमीपणा काही नाही. वारीतही पडशा ट्रकमधूनच जातात.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

उपाशी राहणार नाही, कंटाळाल मात्र. प्रत्येक पबमध्ये शाकाहारी एक-दोन पदार्थ असतात. चार दिवसांत चीज आणि कांद्याचं सँडविच, भाजलेल्या बटाट्यावर बीन्स आणि मशरूमचा काहीतरी प्रकार या तिन्हींची फेरी पूर्ण होते. नाश्ता भरपूर मिळतो, तोच पोटभर करावा.

खरी अडचण वेळेची आहे. पब उघडा असतो पण स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी सहापर्यंत. रविवारी रात्री आणि सोमवारी कित्येक ठिकाणी स्वयंपाकच नसतो. एका सोमवारी पावणेतीनला भिजून पोचलेल्या मला एका पबमध्ये मीठ-व्हिनेगरचे वेफर्स आणि सहानुभूती एवढंच मिळालं. मुक्काम ठरवताना "त्या वारी जेवण मिळेल ना?" हे फोनवरच विचारा. न विचारता कुणी सांगत नाही.

घरून काय आणावं? चिवडा, भाजलेले शेंगदाणे, गुडदाणी, खाकरे. मेतकूट आणलंत तर इथला साधा वाफवलेला भातही गोड लागतो. भारतातून येताना दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस आणायला मात्र बंदी आहे. म्हणजे तुपाची बरणी, पेढे, बर्फी नको. विमानतळावर काढून घेतात.

गायींच्या कुरणातून जावं लागतं म्हणे?

जावं लागतं. फाटक उघडायचं, आत गेलं की आठवणीने लावायचं. आपण गायीला घाबरत नाही, तिच्या पाठीवरून हात फिरवून पाया पडणारे लोक आपण. इथे ते करू नका. वासरू बरोबर असलेली गाय अंगावर येते आणि इथे दरवर्षी माणसं जखमी होतात. लांबून वळसा घालायचा, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही. बरोबर कुत्रा असेल आणि गायी धावत आल्या तर कुत्र्याची दोरी सोडायची, तो स्वतःला सांभाळतो.

गायींपेक्षा मला काळजी वाटते गोचिडांची. उंच गवतातून चाललात तर संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघ्याची मागची बाजू, कंबर नीट पाहा. त्यातून लाइम रोग होऊ शकतो. चावल्याच्या जागी पुढच्या काही आठवड्यांत लाल गोल चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टरकडे जा.

एकटीने सुरक्षित आहे का?

मला वाटलं. दिवसा वाटेवर कुणी ना कुणी भेटतं, हाय-हॅलो करून पुढे जातं. पश्चिमेकडच्या राईत तास-दोन तास चिटपाखरू दिसत नाही, ज्यांना ते नको वाटेल त्यांनी शनिवार-रविवार तिकडे ठेवावा. संकटात ९९९ किंवा ११२.

शेवटच्या दिवशीच्या कड्यांबद्दल एवढे इशारे का?

कारण कडा पोकळ असतो. समुद्र खालून खडू खातो, वरचं गवत जसंच्या तसं राहतं आणि मग एके दिवशी घराएवढा तुकडा कोसळतो. बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह १९९९ मध्ये अख्खंच्या अख्खं उचलून १७ मीटर मागे सरकवलं, एवढा कडा त्याच्या जवळ आला होता. बीची हेडचा कडा १६२ मीटर उंच आहे आणि कुंपण जवळजवळ नाही. फोटोसाठी काठावर बसलेले लोक दिसतील. तुम्ही बसू नका. काठापासून निदान पाच-सात मीटर आतून चाला, आणि खाली किनाऱ्यावरही कड्याला टेकून डबा उघडू नका.

सेव्हन सिस्टर्स म्हणजे सात बहिणी, आपल्या सातीआसरांसारख्या पाण्याकाठीच उभ्या. मोजल्यात तर माथे आठ भरतात. आठवीच्या चढावर प्रत्येक जण नाव ठेवणाऱ्याचा उद्धार करतो.

वाटेत भारताशी जोडलेलं काही आहे म्हणतात, ते काय?

छत्री. पायकूमच्या पुढे क्लेटनच्या जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या लागतात. तिथून दक्षिणेला, ब्रायटनच्या दिशेने, दोन-तीन किलोमीटर आत टेकडीच्या उतारावर पांढऱ्या संगमरवराची घुमटाकार छत्री उभी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांना ब्रायटनला आणत, तिथल्या रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्याचंच रुग्णालय केलं होतं. त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर या उतारावर अग्निसंस्कार झाले. अस्थी समुद्रात सोडल्या. जिथे चिता रचल्या त्याच जागी ही छत्री बांधून फेब्रुवारी १९२१ मध्ये तिचं अनावरण झालं. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस या तरुण वास्तुरचनाकाराचा. शेजारच्या भिंतीवर त्या ५३ जणांची नावं २०१० मध्ये कोरली गेली.

तिथे गाडी जात नाही, चालतच जावं लागतं. मी पोचले तेव्हा आजूबाजूला फक्त मेंढ्या होत्या. दगडावरच्या लेखात इंग्रजी, उर्दू, पंजाबीबरोबर हिंदीही आहे. आठवडाभर फक्त इंग्रजी पाट्या वाचल्यावर त्या टेकडीवर अचानक आपली अक्षरं समोर आली आणि मी ती मोठ्याने वाचली. सातव्या दिवसाच्या २२ किलोमीटरमध्ये हा फेरा आणखी चार-पाच घालतो. मी आदल्या दिवशीच संध्याकाळी जाऊन यायचं सुचवेन, सहावा दिवस छोटा आहे.

आई-बाबा उन्हाळ्यात येणार आहेत. त्यांना थोडं दाखवता येईल?

डेव्हिल्स डाइकपर्यंत ब्रायटनहून बस जाते, वर पोचल्यावर सपाट गवत आणि बसायला जागा आहे. डिचलिंग बीकनला गाडीतळ आहे, तिथून पवनचक्क्यांकडे माथ्यावरूनच जाता येतं, चढ फारसा नाही. माझ्या सासूबाई तिथे साडीवर माझे बूट घालून चालल्या आणि परतताना म्हणाल्या, "एवढंच होय? मला वाटलं डोंगर आहे." सेव्हन सिस्टर्स मात्र त्यांना चालायला लावू नका, बर्लिंग गॅपला गाडीने जाऊन कडे पाहा.

व्हिसा, पैसे वगैरे?

भारतातून येणाऱ्यांना नेहमीचा पर्यटक व्हिसा, तो सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. चालण्यासाठी कुठलाही वेगळा परवाना, शुल्क, नोंदणी नाही. हा परिसर २०१० पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण आपल्याकडच्यासारखं तिकीटघर आणि गेट नाही. लोकांची शेतं, गावं सगळी त्याच्या आतच आहेत. सर्वांत मोठा खर्च खोल्यांचा, दोघांनी एक खोली घेतली तर बराच हलका होतो. पैसे कार्डाने सगळीकडे चालतात, शेतावरच्या अंड्यांच्या आणि मधाच्या विनामालक टपरीसाठी थोडी नाणी ठेवा.

ईस्टबोर्नला पोचल्यावर पुढे काय?

वाट संपते ती शहरात नाही, बीची हेडच्या बाजूच्या गवताळ उताराच्या पायथ्याशी, एका चहाच्या टपरीजवळ. स्टेशन तिथून अजून अडीच-तीन किलोमीटर. त्यासाठी पाय राखून ठेवा किंवा बस घ्या. लंडन व्हिक्टोरियाची गाडी दीड तासात पोचवते. किनाऱ्यावर गोटेच गोटे आहेत, वाळूत अनवाणी चालायचं स्वप्न बघू नका, पण पाणी गार असतं आणि सुजलेल्या पावलांना तेच हवं असतं. बुटांवरचा खडू त्याच दिवशी साध्या पाण्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा. वाळला तर शिवणीत बसतो, आणि माझ्या बुटांच्या शिवणीत तो अजून आहे.